प्रकल्प नोंदी: ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या तबकडीची मराठी श्रवणपुस्तिका

11 जानेवारी 2025

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक आल्बर्ट किंगच्या ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या 1967 सालच्या तबकडीवर मराठीत श्रवणपुस्तिका तयार करण्याचे आमच्या श्रवणमंडळाने ठरवले असून तिच्या कामाच्या नोंदी आजपासून येथे ठेवीत आहे. पुस्तिकेत अकराही गाण्यांवर टिपणे असतील, निवडक गिटारवादन भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत उतरवलेले असेल आणि या वादनातून पुढच्या वादकांनी नेमके काय उचलले याचा माग काढलेला असेल. मंडळात दोन तऱ्हेचे लोक आहेत. गिटार शिकणाऱ्या मुलांना टॅब (तार आणि पडदा आकड्यांनी दाखवणारी गिटारची लिपी) सहज वाचता येते, त्यांची बोटेही चांगली चालतात, परंतु 1990 च्या मागे त्यांचे ऐकणे क्वचितच जाते. उलट वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीत ऐकत आलेल्या ज्येष्ठ सभासदांचा कान अत्यंत तयार आहे, पण इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गोंगाट ही त्यांची समजूत पक्की आहे. दोघांच्याही हाती एकच पुस्तिका द्यायची आहे.

तबकडीच्या निवडीवर बराच खल झाला. दुसरा ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग याची ‘लाइव्ह ॲट द रीगल’ ही 1964 मध्ये शिकागोत मुद्रित झालेली मैफल घ्यावी असा एक आग्रह होता आणि तो गैर नव्हता. तरीही मी आल्बर्टच्या बाजूने कौल दिला, त्याचे कारण व्यावहारिक आहे. बी. बी. किंगचा प्रभाव इतका सर्वदूर झिरपलेला आहे की त्यावर बोट ठेवून दाखवणे कठीण जाते. आल्बर्टकडून घेतलेला वाक्यांश मात्र कोणाच्याही वादनात आला तरी चटकन ओळखू येतो. माग काढायचा तर पाऊल उमटलेले हवे.

16 जानेवारी

मुद्रणाचा कालानुक्रम लावला. ही तबकडी सलग बसून केलेली नाही. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत मार्च 1966 ते जून 1967 या काळात वेगवेगळ्या बैठकींत गाणी मुद्रित झाली, त्यांतली बरीचशी आधी 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांवर सुटी सुटी बाजारात आली आणि ऑगस्ट 1967 मध्ये ती नव्या गाण्यांसह एका एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीत, एकत्र केली गेली. ‘लाँड्रोमॅट ब्लूज’ आणि ‘ओ, प्रिटी वुमन’ ही 1966 चीच गाणी आहेत. (दुसऱ्याच्या नावावरून घोटाळा होतो म्हणून टिपणात स्पष्ट करावे लागेल की 1964 मध्ये गाजलेले रॉय ऑर्बिसनचे गाणे वेगळे, हे मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवरील निवेदक ए. सी. विल्यम्स यांचे.)

हा तपशील केवळ नोंदीपुरता नाही. प्रभावाची कथा सांगताना सगळेजण एलपीच्या तारखेपासून सुरुवात करतात, परंतु इंग्लंडमधील तरुण वादकांच्या हाती आल्बर्टचे वादन एलपीच्या आधीच, एकेका छोट्या तबकडीतून पोहोचलेले होते. ‘प्रभाव’ या प्रकरणाची मांडणी त्यामुळे ऑगस्ट 1967 पासून न करता 1966 पासून करावी लागेल.

या काळात आल्बर्ट बेचाळीस ते चव्वेचाळीस वर्षांचा होता, हेही ठळकपणे लिहिले पाहिजे. 1923 मध्ये मिसिसिपीत जन्म, आर्कान्सामधील फॉरेस्ट सिटीच्या परिसरात वाढ, पोटासाठी बुलडोझर चालवण्यासारखी कामे, सेंट लुईसच्या भागात क्लबांतून वादन, 1961 मध्ये एक बऱ्यापैकी चाललेले गाणे, आणि एवढे सारे झाल्यावर स्टॅक्स. सहा फुटांहून बराच उंच, धिप्पाड माणूस. ‘व्हेल्वेट बुलडोझर’ हे त्याचे टोपणनाव आवाजाला आणि देहयष्टीला सारखेच लागू पडे.

24 जानेवारी

साथीदारांवरचे टिपण लिहून झाले. पुस्तिकेतील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि गिटार शिकणारी मुले तोच ओलांडून पुढे जातील अशी भीतीही वाटते.

स्टॅक्सचा स्टुडिओ मेम्फिसच्या ईस्ट मॅकलमोर ॲव्हेन्यूवरच्या 926 क्रमांकाच्या इमारतीत, कॅपिटॉल नावाच्या जुन्या चित्रपटगृहात होता. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी ते भाड्याने घेऊन खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली. या कंपनीचा व्यवसाय सोल संगीताचा. ओटिस रेडिंग हा तिचा सर्वांत मोठा गायक. तिथला पगारी वाद्यवृंद म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज: ऑर्गन आणि पियानोवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर. दोघे गोरे आणि दोघे काळे असे हे चौघे, वांशिक विलगीकरणाच्या वळणावर वाढलेल्या मेम्फिसमध्ये, रोज एका खोलीत काम करीत. त्यांच्या जोडीला ट्रम्पेटवर वेन जॅक्सन, सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह व जो अर्नोल्ड, आणि काही गाण्यांत पियानोवर आयझॅक हेज.

म्हणजे घडले ते असे की मिसिसिपी-आर्कान्साच्या ब्लूजचा एक पोक्त वादक सोल संगीताच्या कारखान्यात आला आणि तिथल्या मंडळींनी त्याला आपल्या शिस्तीची साथ दिली. शिकागो पद्धतीच्या ब्लूजमध्ये साथीदार बहुधा एकमेकांत मिसळून, थोडे सैलसर वाजवतात. हार्मोनिका, पियानो, दुसरी गिटार हे सारे एकाच जागेसाठी दाटी करतात. येथे तसे काही होत नाही. क्रॉपर तर अख्ख्या गाण्यात मोजकेच आघात करतो. अल जॅक्सनचा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा फटका किंचित मागे रेललेला असतो, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन गायकाच्या ओळी संपण्याची वाट पाहून मगच बोलतात. इतकी मोकळी जागा मिळाल्यामुळे आल्बर्टचा एकेक स्वर सुटा, स्पष्ट आणि मोठा ऐकू येतो.

‘क्रॉसकट सॉ’ हे याचे उत्तम उदाहरण. हे गाणे जुने, टॉमी मॅक्लेनन यांनी 1941 मध्ये मुद्रित केलेले. पण येथे अल जॅक्सनने त्याला क्यूबाकडच्या रुम्ब्याची चाल लावून दिली आहे आणि जुने गाणे पार बदलून गेले आहे. ज्येष्ठ सभासदांसमोर पहिले गाणे हेच वाजवायचे असे ठरवले. ठेक्यावरून शिरकाव सोपा होईल.

1 फेब्रुवारी

आज गिटारचे प्रात्यक्षिक केले. आल्बर्ट डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी करून, तारांचा क्रम न बदलता वाजवत असे. वाचताना हे वाक्य सहज पुढे जाते, हातात घेतल्यावर मात्र त्याचा अर्थ कळतो, म्हणून वर्गातील एक जुनी स्ट्रॅटोकास्टर घराण्याची गिटार मंडळातल्या डावखुऱ्या मुलाच्या हाती उलटी दिली. पट्ट्याची खुंटी चुकीच्या शिंगावर गेल्याने गिटारचे डोके खाली कलू लागले, आवाजाच्या चकत्या कोपराखाली येऊन हात फिरला की आवाज कमीजास्त होऊ लागला, आणि वरच्या पडद्यांपाशी पोहोचायला जो खोलगट भाग कापलेला असतो तोही विरुद्ध बाजूला गेल्यामुळे तिथे मनगट अडखळू लागले. आल्बर्टने गिब्सनची ‘फ्लाइंग व्ही’ का धरून ठेवली असावी याचे उत्तर या खटपटीत मिळते: 1958 मध्ये आलेली ही बाणाच्या टोकासारखी गिटार दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच आहे, त्यामुळे ती उलटी धरली तरी वरच्या पडद्यांचा रस्ता मोकळा राहतो. त्या पहिल्या दोन वर्षांत कंपनीने ती शंभराच्या आसपासच बनवली होती आणि बाजारात तिला फारसे कोणी विचारले नाही. आपल्या गिटारला आल्बर्ट ‘लूसी’ म्हणे.

खरी गोष्ट तारांची आहे. गिटार अशी उलटी धरली की सर्वांत बारीक तार वर, वादकाच्या हनुवटीकडे येते आणि जाड तारा जमिनीकडे जातात. उजव्या हाताचा वादक बारीक तार वाकवताना ती बोटांनी वर ढकलतो. आल्बर्टला तीच तार खाली, तळहाताच्या दिशेने ओढावी लागे. ढकलण्यात बोटांचे बळ लागते, ओढण्यात मनगट आणि कोपरापर्यंतचा सारा हात उतरतो. आमच्या डावखुऱ्या मुलाने पहिल्याच ओढीत तार अपेक्षेपेक्षा खूप वर नेली आणि स्वतःच दचकला.

तेवढ्यात सतार शिकणारी सभासद म्हणाली, “सर, ही तर मींडच आहे. आम्हीही बाजाची तार खालीच ओढतो.” मी तिला विचारले, “मग तुला यात वेगळे काय दिसते?” थोडा वेळ पाहून ती म्हणाली, “आम्ही ओढताना वाटेतले स्वर दाखवत जातो. हे गृहस्थ वाटेत थांबतच नाहीत, एकदम मुक्कामावर जाऊन तिथे हलत राहतात.” इतक्या नेमक्या शब्दांत मला ते लिहिता आले नसते, तिच्या संमतीने हे निरीक्षण पुस्तिकेत जसेच्या तसे घेतो आहे.

आल्बर्ट पिक (तार छेडायची चकती) वापरत नसे, डाव्या हाताच्या अंगठ्याने तार छेडत असे. मांसल अंगठ्याचा आघात नखासारखा टोकदार येत नाही, तरी तो दणकट असतो, आणि त्याच्या स्वरातला तो भरदार ‘ठप्प’ मुख्यतः तेथून येतो.

6 फेब्रुवारी

ओढीचे गणित एका चौकटीत देण्याचे ठरले. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताण दुप्पट केला तरी षड्जाची तार वरच्या षड्जाला पोहोचत नाही, फक्त तीव्र मध्यमापर्यंत जाते. तीन अर्धस्वर चढायचे, म्हणजे षड्जावरून कोमल गंधारावर जायचे, तर ताण सुमारे 41 टक्क्यांनी वाढवावा लागतो. चार अर्धस्वरांसाठी हाच आकडा 59 टक्क्यांच्या घरात जातो. आल्बर्ट एवढ्या मोठ्या ओढी गाता गाता, सहजी घेतो.

त्याच्या सहजपणाला आणखी एक आधार होता. त्याच्यासाठी 1972 मध्ये नवी गिटार घडवणारे कारागीर डॅन अर्लवाइन यांनी जो स्वरमेळ नोंदवून ठेवला आहे त्यात सर्वांत बारीक तार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली, काळी एकवर लावलेली आहे. तीच तार तीन अर्धस्वर उतरवली की तिचा ताण मूळच्या साधारण 71 टक्के उरतो. म्हणजे आल्बर्ट तीन अर्धस्वरांची ओढ घेऊन जिथे पोहोचतो तिथे इतरांच्या मोकळ्या तारेचा ताण नुकता सुरू होत असतो. ढिली तार, खालच्या दिशेची ओढ आणि मोठा पंजा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज हा आवाज उभा राहत नाही.

शीर्षकगीताची पट्टीही काळी एकच आहे. पेटीवर स्वर धरून पाहणाऱ्या काकांचा चेहरा हे ऐकून एकदम खुलला. आयुष्यभर कानावर पडलेली पट्टी त्यांना मेम्फिसमध्ये भेटली.

12 फेब्रुवारी

स्वरलिपीचा निर्णय झाला. भातखंडे पद्धतीत मींड दाखवायला दोन स्वरांवर कमान काढतात. ती तशीच घेतली. जिथे तार आधी ओढून मग छेडली आहे आणि स्वर वरून खाली उतरतो तिथे कमानीच्या सुरुवातीला टिंब द्यायचे.

अडचण गंधाराची होती. आल्बर्टच्या वादनाचा सांगाडा बहुतांशी सा, कोमल ग, म, प, कोमल नी या पाच स्वरांचा आहे, म्हणजे कागदावर पाहिले तर मालकंसात धैवताच्या जागी पंचम आल्यासारखे दिसते. परंतु साथीच्या ऑर्गनवर त्याच वेळी शुद्ध गंधाराचा कॉर्ड वाजत असतो आणि आल्बर्ट आपला कोमल गंधार किंचित ओढून त्या दोन्हींच्या मधोमध कोठेतरी ठेवतो. तो शुद्धाला भिडत नाही आणि कोमलावर स्थिरही राहत नाही. ज्येष्ठांपैकी एकांनी दरबारीचा अतिकोमल गंधार सुचवला. आंदोलनापुरते साम्य आहे, पण दिशा उलटी आहे: दरबारीचा गंधार कोमलाच्या खाली उतरून झुलतो आणि ब्लूजचा गंधार कोमलाच्या वर चढून तगमगत राहतो. या स्वरासाठी कोमलाच्या रेषेवर लहानसा बाण देण्याचे पक्के केले. गिटारच्या मुलांना हा बाण पाहून टॅबमधली ‘पाव बेंड’ची, म्हणजे तार किंचित ओढण्याची, खूण आठवेल.

आणखी एक गोष्ट लिपी उतरवताना लक्षात येते. आल्बर्टचा शब्दसंग्रह छोटा आहे. त्याचा बहुतेक व्यवहार दुसऱ्या तारेवरच्या षड्जाच्या आजूबाजूला, दोन तारांवरच्या पाच-सहा जागांत चालतो. गिटारवादक आजही त्या टापूला ‘आल्बर्ट किंग बॉक्स’ म्हणतात. गाण्यागणिक तीच वाक्ये फिरून येतात. काहीजण हा त्याचा दोष मानतात. मला तसे वाटत नाही, कारण दर वेळी ओढीची उंची, वेग आणि मुक्कामाची लांबी वेगळी असते, आणि एवढ्या मोजक्या ऐवजामुळेच पुढच्यांना त्याच्याकडून शिकता आले.

15 फेब्रुवारी

गाण्यांचे बोल हक्काधीन असल्यामुळे पुस्तिकेत एकही ओळ उद्धृत करायची नाही, आशय तेवढा सांगायचा, असे ठरले. शीर्षकगीताचे बोल गायक विल्यम बेल यांचे आणि संगीत बुकर टी. जोन्स यांचे. त्या काळी अमेरिकेत राशी-नक्षत्रांचे वेड होते, त्याचा धागा धरून बेल यांनी रांगायला लागल्यापासून पनवती मागे लागलेल्या माणसाचे गाणे लिहिले. साडेसातीची भाषा घरोघर बोलणाऱ्या आपल्या वाचकांना हा आशय समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. वेष्टनावर काळी मांजर, इस्पिकचा एक्का आणि तेरा तारखेचा शुक्रवार अशी तिकडची अपशकुनांची मांडामांड आहे.

अकरापैकी ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ हे रे नोबल यांचे 1934 चे नाजूक प्रेमगीत आणि ‘आय ऑलमोस्ट लॉस्ट माय माइंड’ ही दोन गाणी मला फारशी भावत नाहीत; आवाज मुलायम लागला आहे, पण गिटारला काम नाही. त्यांची टिपणे दोन-चार ओळींत उरकली. ‘कॅन्सस सिटी’चीही तीच गत.

23 फेब्रुवारी

प्रभावाच्या प्रकरणाला हात घातला. पहिला पुरावा ‘क्रीम’ या इंग्रज त्रयीचे ‘स्ट्रेंज ब्रू’. हे गाणे जून 1967 मध्ये, म्हणजे आल्बर्टची एलपी निघण्याच्या आधी बाजारात आले आणि त्यातील एरिक क्लॅप्टनचा सोलो हा ‘ओ, प्रिटी वुमन’मधील आल्बर्टच्या सोलोचा जवळजवळ स्वरशः अनुवाद आहे. वर्गात दोन्ही सोलो पाठोपाठ लावले. मुलांना आधी काही सांगितले नव्हते, तरी दुसरा सुरू होताच दोघांनी माना वळवल्या. 16 जानेवारीच्या नोंदीतला छोट्या तबकड्यांचा मुद्दा येथे उपयोगी पडतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन मेयॉल यांची ‘क्रुसेड’ निघाली. तिचे पहिलेच गाणे ‘ओ, प्रिटी वुमन’ आणि गिटारवर अठरा वर्षांचा मिक टेलर. 1968 मध्ये क्रीमने ‘व्हील्स ऑफ फायर’वर शीर्षकगीतच घेतले. ‘द हंटर’ हे एमजीजच्या चौघांचा हात लागलेले गाणे ‘फ्री’ या रॉक वृंदाने आपल्या पहिल्या तबकडीवर वाजवले आणि लेड झेपलिनने 1969 च्या पहिल्या तबकडीतील ‘हाउ मेनी मोअर टाइम्स’मध्ये त्याचा तुकडा गुंफला. जिमी हेंड्रिक्सने 1969 मध्ये शीर्षकगीत वाद्यसंगीत म्हणून वाजवून ठेवले. ते 1994 च्या ‘ब्लूज’ या संग्रहातून लोकांसमोर आले.

सर्वांत गमतीचा माग क्लॅप्टनच्या ‘लैला’ या गाण्याचा आहे. 1970 च्या त्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा जगातल्या कोणत्याही गिटार वर्गात पहिल्या वर्षी कानावर पडतो. तो त्यात साथ करणारा गिटारवादक डुएन ऑलमन याने ‘ॲज द इयर्स गो पासिंग बाय’मधील आल्बर्टच्या गायनाच्या पहिल्या ओळीवरून, लय कित्येक पटींनी चढवून, बेतला. येथे गिटारच्या वाक्याऐवजी गळ्याची ओळ उचललेली आहे आणि ती इतकी पळवली आहे की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. मूळ गाणे फेंटन रॉबिन्सन यांनी 1959 मध्ये प्रथम मुद्रित केले होते. पण रॉक संगीताच्या हाती ते पडले आल्बर्टमार्फत.

2 मार्च

क्रीमचे आणि आल्बर्टचे शीर्षकगीत शेजारी शेजारी ठेवून संध्याकाळभर ऐकले. क्रीमचे तिघेही थोर वादक आहेत, आणि तरीही त्यांच्या हातात हे गाणे जड होते. तिघांत दहांचे काम करायचे म्हणून प्रत्येकजण सतत काहीतरी भरत राहतो. जॅक ब्रूसचा बेस बोलत राहतो, जिंजर बेकरचे ड्रम्स प्रत्येक फटीत शिरतात. मेम्फिसमध्ये डक डन तोच रिफ (फिरून फिरून येणारा छोटा तुकडा) शेवटपर्यंत, जवळजवळ हट्टाने, तसाच वाजवत राहतो. त्या स्थिर जमिनीवर आल्बर्ट एक स्वर ओढतो, सोडतो, आणि पुढचा स्वर वाजवण्याआधी चक्क थांबतो.

माझ्या मते या तबकडीच्या वारशातली मुख्य गोष्ट हीच आहे. आल्बर्टची वाक्ये सर्वांनी घेतली, कारण ती थोडी आहेत, ठसठशीत आहेत आणि उजव्या हाताच्या वादकालाही कष्टाने साधतात. त्या वाक्यांच्या मधली शांतता मात्र एकट्या गिटारवादकाला उचलता येत नाही. तिच्यासाठी अल जॅक्सन आणि स्टीव्ह क्रॉपर यांच्यासारखी संयमी माणसे पाठीशी असावी लागतात. पुढच्या दशकांत हजारो गिटारवादक आल्बर्टसारखी तार ओढू लागले, पण स्टॅक्ससारखी साथ क्वचित कोणाला लाभली. तेव्हा पुस्तिकेत साथीदारांचे प्रकरण गिटारच्या प्रकरणाआधी येईल. मंडळातील गिटारवाल्यांचा याला विरोध आहे. तो नोंदवून घेतला आणि क्रम कायम ठेवला.

9 मार्च

स्टीव्ही रे व्हॉन. येथे प्रभाव शब्द तोकडा पडतो. डेव्हिड बोवीच्या 1983 मधील ‘लेट्स डान्स’ या नाचाच्या गाण्यात अचानक जी गिटार शिरते ती टेक्सासच्या या तरुणाची आहे आणि तिची सारी बोली आल्बर्टची आहे. ब्लूज कधी न ऐकलेल्या लाखो लोकांनी आल्बर्ट किंगची वाक्ये प्रथम अशी, त्याचे नाव ठाऊक नसताना ऐकली.

त्याच वर्षी 6 डिसेंबरला कॅनडातील हॅमिल्टन शहराच्या दूरचित्रवाणी केंद्रात दोघांना एकत्र बसवले गेले. आल्बर्ट साठ वर्षांचा, व्हॉन एकोणतीस. ते मुद्रण ‘इन सेशन’ या नावाने 1999 मध्ये, दोघेही हयात नसताना, तबकडीवर आले. ‘प्राइड अँड जॉय’ हे एक व्हॉनचे गाणे सोडले तर बाकीची संपूर्ण बैठक आल्बर्टच्या अंगणात होते. ज्येष्ठ सभासदांना हे मुद्रण पूर्ण ऐकवले आणि त्यांना ते तबकडीहूनही अधिक रुचले, कारण गुरूसमोर बसून शिष्याने गाण्याची रीत त्यांच्या परिचयाची आहे. व्हॉन गुरूची वाक्ये गुरूसमोरच, त्याच्यापेक्षा दुप्पट वेगाने वाजवतो. आल्बर्ट ती ऐकून घेतो आणि उत्तरादाखल एकच तार ओढून ती लांबवत ठेवतो. त्या जागी खोलीतून “वा!” असा आवाज आला.

व्हॉन उजव्या हाताचा, म्हणजे तार वर ढकलणारा. आल्बर्टच्या उंचीवर पोहोचायला त्याने जाड तारा घेतल्या, गिटार अर्धस्वर उतरवली आणि बोटांची चाळण करून घेतली. फ्लाइंग व्ही उलटी धरण्याचा सोपा मार्ग त्याला नव्हता.

आपल्याकडचा धागा जोडायचा तर तो गिटारवादक गॅरी मूर याच्यामार्फत जोडावा, असे वाटते. पुण्या-मुंबईच्या गिटार वर्गांत त्याचे ‘स्टिल गॉट द ब्लूज’ (1990) अजूनही हटकून शिकवले जाते. त्याच तबकडीवर ‘ओ, प्रिटी वुमन’ आहे आणि त्यात स्वतः आल्बर्ट किंग पाहुणा म्हणून वाजवतो. म्हणजे आमच्या मुलांनी आल्बर्टला नकळत ऐकलेलेच आहे. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला, पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय आले, तेव्हापासून प्रत्यक्ष ब्लूज ऐकणारा एक मराठी वर्गही तयार झाला आहे. त्या मंडळींसाठी शेवटी एक स्वतंत्र पान ठेवले आहे.

22 मार्च

पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीवर चाचणीची बैठक झाली. ‘क्रॉसकट सॉ’चा ठेका अपेक्षेप्रमाणे लगेच पकडला गेला. ‘पर्सनल मॅनेजर’च्या लांब सोलोच्या वेळी स्वरलिपी आणि टॅब एकाच पानावर वर-खाली छापलेली पाहून गिटारची मुले सरगम वाचू लागली आणि ज्येष्ठ मंडळी टॅबमधल्या आकड्यांचा अर्थ विचारू लागली. गंधारावरच्या बाणाची खूण लहान छापली गेल्याने चष्मा लावूनही दिसत नाही अशी रास्त तक्रार आली. टंक मोठा घ्यावा लागेल. “इतकी कमी वाजवतो, मग याला एवढे का मानतात?” असे एका मुलाने विचारले. उत्तर मी दिले नाही. साथीचे प्रकरण उघडून त्याला डक डनचा रिफ टाळ्यांनी धरायला सांगितला आणि शीर्षकगीत पुन्हा लावले. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्याची लय दोनदा पुढे पळाली आणि दोन्ही वेळा ती आल्बर्ट थांबतो त्या जागीच पळाली.

हा टाळ्यांचा पाठ पुस्तिकेत पहिल्या पानावर घालायचा. ‘द हंटर’ आणि ‘डाउन डोन्ट बॉदर मी’ची स्वरलिपी तपासायची राहिली आहे, ती सतारवादक सभासद आणि डावखुरा मुलगा मिळून करतील. छपाईसाठी प्रत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात द्यायची आहे.